पाच अंडी, बहात्तर पायऱ्या आणि एक हार : ‘रॉकी’विषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात ‘रॉकी’ या मुष्टियुद्धाच्या सिनेमालिकेविषयी प्रश्न मागवले होते. पत्रं बहुतेक तालमी असलेल्या पेठांमधून आली, त्यामुळे अर्ध्याअधिक प्रश्नांत सिनेमा कमी आणि व्यायाम जास्त आहे. असू दे. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आमच्या घरात तीन पिढ्या हा सिनेमा बघतात. पण पहिल्या भागात रॉकी चक्क हरतो! आपल्याकडं मैदानात हरलेल्या पैलवानाला कुणी खांद्यावर घेत नाही. मग इथं टाळ्या कशाला?
— एक वाचक, मंगळवार पेठ

खांद्यावर घेत नाहीत हे खरं. पण कोल्हापूरच्या खासबाग मैदानात एखाद्या नवख्या पोरानं नावाजलेल्या मल्लाला अर्धा तास झुंजवलं आणि कुस्ती बरोबरीत सोडवावी लागली, तर दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर नाव कुणाचं निघतं? त्या पोराचंच. १९७६ चा ‘रॉकी’ याच हिशेबावर उभा आहे.

लढतीच्या आदल्या रात्रीचा प्रसंग पुन्हा बघा. रॉकी रिकाम्या सभागृहात जातो. तिथं टांगलेल्या त्याच्या भल्यामोठ्या चित्रात चड्डीचा रंग चुकलेला असतो. तो तसं सांगतो, तर आयोजकाच्या लेखी त्याला काडीची किंमत नसते. घरी येऊन तो प्रेयसी एड्रियनला म्हणतो, मी काही जिंकत नाही. मात्र जगज्जेत्या अपोलो क्रीडसमोर आजवर कुणी शेवटपर्यंत टिकलेलं नाही, तेवढं मला करायचंय. त्या एका संवादानं पैज बदलते. आता प्रेक्षक गुण मोजत नाही, फेऱ्या मोजतो. पंधराव्या फेरीची घंटा होते तेव्हा रॉकी त्याच्या मनात जिंकलेला असतो. निकाल दोन पंच विरुद्ध एक असा क्रीडच्या बाजूनं लागतो, पण तो गलक्यात बुडवलाय. रॉकी एड्रियनला हाका मारतोय आणि निकालाकडं त्याचं लक्षही नाही. पहिल्यांदा बघताना कोण जिंकलं ते कळलं नाही, असं बरेच जण सांगतात. ते मुद्दामच तसं केलंय.

दुसरी गोष्ट, दोन तासांच्या या सिनेमात मुष्टियुद्ध फार थोडं आहे. सुरुवातीला एक फालतू लढत, शेवटी मोठी लढत आणि मधे सराव. बाकी सगळा सिनेमा म्हणजे एक खोली, दोन कासवं, व्याजानं पैसे देणाऱ्याची वसुली आणि प्राण्यांच्या दुकानातली लाजाळू पोरगी. सहा वर्षं वापरलेलं कपाट तालीम चालवणारा म्हातारा मिकी दुसऱ्या पोराला देऊन टाकतो आणि रॉकीचं सामान पिशवीत भरून टांगलेलं असतं. तालमीत आपल्या खुंटीवरचा लंगोट काढून तिथं दुसऱ्याचा अडकवला की काय वाटतं, हे कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको. पुढं तोच मिकी घरी येऊन मला तुझा वस्ताद कर म्हणून विनवतो. रॉकी गप्प बसतो आणि म्हातारा जिना उतरल्यावर बंद दाराआड ओरडत सुटतो. मग धावत जाऊन रस्त्यावर त्याला गाठतो. हे कॅमेरा लांबूनच दाखवतो, बोलणं ऐकूच येत नाही. या मालिकेतला सगळ्यात चांगला प्रसंग कोणता विचाराल तर आम्ही हाच सांगू, आणि त्यात एकही ठोसा नाही.

तिसरी गोष्ट पैशाची. सुमारे दहा लाख डॉलर आणि २८ दिवसांचं चित्रीकरण. बर्फावरच्या घसरगुंडीचा प्रसंग गर्दीत घ्यायचा होता, पण माणसं आणायला पैसे नव्हते. म्हणून मैदान बंद झाल्यावर दहा मिनिटांसाठी आत सोडलंय, असं दाखवलं. ती बर्फावर, हा बूट घालून शेजारून चालतोय. गर्दी असती तर हा प्रसंग कुणाच्या लक्षात राहिला नसता. चित्रातला चड्डीचा रंग खरोखरच चुकला होता आणि अंगरखाही खरोखरच ढगळ शिवून आला होता. दोन्ही चुका संवादात घेतल्या.

मूळ ठिणगी मात्र खरी आहे. २४ मार्च १९७५ ला चक वेपनर नावाचा फारसा कुणाच्या खिजगणतीत नसलेला बॉक्सर मुहम्मद अलीसमोर उभा राहिला. नवव्या फेरीत त्यानं अलीला खाली बसवलं (वेपनरनं माझ्या पायावर पाय दिला, असं अलीचं म्हणणं). पंधरावी फेरी संपायला १९ सेकंद उरले असताना लढत थांबवली गेली. ती बघून पुढं रॉकी साकारणाऱ्या सिल्व्हेस्टर स्टॅलोननं काही दिवसांतच पटकथेचा पहिला खर्डा लिहिला. वेपनरनं पुढं २००३ मध्ये त्याच्यावर दावा लावला आणि तो २००६ मध्ये तडजोडीनं मिटला.

या सिनेमाची नक्कल करणारे सरावाची दृश्यं आणि शेवटचा विजय उचलतात, कपाट मात्र तिथंच सोडून येतात. म्हणून त्या नकला टिकत नाहीत.

प्रश्न : मुलगा बारा वर्षांचा आहे. सुट्टीतल्या चार संध्याकाळी आहेत. एकूण भाग किती आणि कोणते दाखवू?
— एक पालक, कसबा बावडा

एकूण नऊ. ‘रॉकी’चे सहा (१९७६, १९७९, १९८२, १९८५, १९९० आणि २००६) आणि त्यातूनच फुटलेले ‘क्रीड’चे तीन (२०१५, २०१८, २०२३).

चारच संध्याकाळी असतील तर १९७६, १९७९, २००६ आणि २०१५, याच क्रमानं. पहिले दोन लागोपाठच्या दिवशी बघा, कारण पहिला जिथं संपतो तिथंच दुसरा सुरू होतो. मात्र बारा वर्षांच्या पोराला पहिल्या भागातला पहिला तास जड जातो. तो चुळबूळ करायला लागला तर १९८२ किंवा १९८५ चा आधी लावा. ते अनुक्रमे शंभर आणि नव्वद मिनिटांच्या आसपासचे आहेत आणि सुसाट पळतात. १९८५ चा तर बराच भाग गाणी आणि सरावातच जातो. त्यात अपोलो क्रीड रिंगणातच मरतो, हे मुलाला आधी सांगून ठेवा. त्याच भागाचं स्टॅलोननं २०२१ मध्ये नव्यानं संकलन केलं आणि त्यातला घरकाम करणारा यंत्रमानव काढून टाकला. बरं केलं.

२०१८ चा बघायचा असेल तर १९८५ चा आधी बघितलेला हवाच, कारण क्रीडचा जीव घेणारा ड्रागो परत येतो. २०२३ च्या भागात रॉकी दिसत नाही. १९९० चा वगळला तरी चालेल. मेंदूला मार बसलेला, पैसा गेलेला, जुन्या गल्लीत परतलेला बॉक्सर ही कल्पना चांगली होती, पण शेवटी रस्त्यावरची हाणामारी घालून तिची माती केली.

प्रश्न : रॉकीसारखी पाच कच्ची अंडी फोडून पहाटे पितोय आणि लगेच पळाय जातोय. आठ दिवसांत पोट बिघडलंय, कुशीत कळ येतीया. वस्ताद म्हणत्यात सोड. सोडू काय?
— एक पैलवान, शाहूपुरी

वस्तादांचं ऐका. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे पाचांत ३० ग्रॅम. पण कच्च्या अंड्यातली निम्मीच्या आसपास अंगी लागतात, शिजवलेल्यातली नव्वद टक्क्यांच्या आसपास. म्हणजे कच्ची पाच प्यायची आणि फायदा अडीचचा. शिवाय कच्च्या पांढऱ्या बलकातलं एक प्रथिन बायोटिन हे जीवनसत्त्व बांधून ठेवतं, शिजवलं की त्याचा जोर जातो. कवचावरच्या घाणीतून साल्मोनेलाचे जंतू पोटात गेले तर जुलाब, ताप आणि आठवडाभराचा व्यायाम बुडाला. जुलाब दोन दिवसांत थांबले नाहीत किंवा ताप आला तर डॉक्टरांकडं जा.

तीन अंडी उकडून खा, पाण्याला उकळी आल्यावर नऊ-दहा मिनिटं. तीही पळून आल्यावर. तालमीतली थंडाई याहून शहाणी आहे : वीस-पंचवीस बदाम रात्री भिजवून, साल काढून, खसखस, बडीशेप आणि दोन-चार मिऱ्यांबरोबर वाटायचे आणि दुधात कालवायचे. अर्धा लिटर म्हशीच्या दुधातूनच १८ ते २० ग्रॅम प्रथिनं मिळतात. पण कट्ट्यावरचं धारोष्ण दूध उकळूनच घ्या, कारण जंतूंचा हिशेब तिथंही तोच.

आणि कुशीतली कळ? पोटात काही ढोसून लगेच पळालं की ती येणारच. सिनेमा नीट बघा, अंडी पिऊन पहिल्या दिवशी रॉकीही पायऱ्या कशाबशा चढतो आणि वर कूस धरूनच उभा राहतो.

प्रश्न : आम्ही कॉलेजची पोरं बॉक्सिंगवर वीस मिनिटांचा लघुपट करतोय. मोबाइलवर शूट केलं, पण ठोसे खोटे वाटतात. ‘रॉकी’त ते खरे कसे वाटतात?
— विद्यार्थी, राजारामपुरी

तुमची पहिली चूक न बघताच सांगता येते : कॅमेरा बाजूला ठेवलात. बाजूनं मूठ आणि गाल यांच्यातलं अंतर दिसतं. कॅमेरा मारणाऱ्याच्या नाहीतर खाणाऱ्याच्या खांद्यामागं हवा, म्हणजे ते अंतर खोलीत लपतं. मग मूठ गालापासून वीतभर लांबून गेली तरी चालते. लेन्स लांबची वापरा. मोबाइलमध्ये दुप्पट-तिप्पट झूमची वेगळी लेन्स असेल तर ती, आणि स्वतः मागं सरका. रुंद लेन्सनं अंतर वाढल्यासारखं दिसतं. बाजूनं फिरून येणारा हुक सगळ्यात सोपा, कारण मूठ चौकटीत आडवी जाताना दिसते. सरळ ठोसा सगळ्यात अवघड, तो कमी ठेवा.

दुसरी चूक खाणाऱ्याची असते, तो आधीच मान वळवतो. ठोसा माहीत असतो ना! मोजून तालीम करा : एकला पाय, दोनला हात, तीनला मान. मान ठोशाच्याच दिशेनं वळली पाहिजे आणि हनुवटी आधी, खांदा मागाहून. हे निम्म्या वेगात वीस-पंचवीस वेळा करा आणि मगच पूर्ण वेगात. एका तुकड्यात सहा ते आठ ठोसेच बसवा, त्याहून जास्त कुणाच्या लक्षात राहत नाहीत. स्टॅलोननं लढत ठोशा-ठोशानं कागदावर उतरवली होती. क्रीड झालेल्या कार्ल वेदर्सबरोबर तिची तालीम झाली आणि दिग्दर्शक जॉन ॲव्हिल्डसननं त्या तालमी ८ मिलिमीटरच्या साध्या कॅमेऱ्यावर घेऊन चुका दाखवल्या. तुमच्याकडं मोबाइल आहे, निमित्त नाही.

तिसरं, शटर. उन्हात मोबाइल स्वतःहून शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर नेतो, त्यामुळं हालचाल तुटक दिसते आणि मूठ हवेत गोठते. सेकंदाला २५ चित्रं आणि शटर १/५० असं हातानं बसवा. आपल्याकडं वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूबलाइटची लुकलुकही १/५० वर येत नाही. उजेड जास्त वाटला तर शटर वाढवू नका. लेन्ससमोर काळसर फिल्टर लावा किंवा सरळ संध्याकाळी शूट करा. रिंगणावर वरून एकच प्रखर दिवा आणि मागं अंधार ठेवलात तर पंधरा माणसांत गर्दीही भागते.

घामासाठी ग्लिसरीन आणि पाणी समप्रमाणात, फवाऱ्यानं. केस मात्र नुसत्या पाण्यानं चिंब करा, म्हणजे मान झटकली की थेंब उडतात. ते थेंब दिसायला खाणाऱ्याच्या मागून दिवा लागतो, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात. सुजलेल्या डोळ्याचा मेकअप असेल तर शेवटची फेरी आधी घ्या आणि सूज काढत-काढत पहिल्या फेरीकडं या. ‘रॉकी’ची लढत अशीच उलट्या क्रमानं घेतली होती. सूज चढवत बसण्यापेक्षा उतरवणं सोपं.

आवाज जागेवरचा वापरूच नका. ओला टॉवेल फरशीवर आपटा, ग्लोव्ह चामड्याच्या पिशवीवर मारा, कोबी मुठीनं फोडा, तिन्ही वेगवेगळं रेकॉर्ड करून एकावर एक चढवा. आवाज मान हलायला लागते त्याच चित्रावर बसला पाहिजे. तीन चित्रं उशिरा आला तर कान लगेच पकडतो. आणि प्रत्येक ठोशाला तोच आवाज नको, हलक्याला हलका.

शेवटचं, ‘खराच मार रे’ असं कुणालाही म्हणू नका. १९८५ च्या भागात स्टॅलोननं ड्रागो झालेल्या डॉल्फ लंडग्रेनला तसं सांगितलं. छातीवर बसलेल्या ठोशानं हृदयाभोवती सूज आली आणि स्टॅलोनच काही दिवस अतिदक्षता विभागात होता.

प्रश्न : १९८२ च्या भागात रॉकीची एका धिप्पाड पैलवानाशी जोड लावलीय. असं खरंच कधी झालं होतं का? आणि पैलवान विरुद्ध बॉक्सर, जिंकणार कोण?
— तालमीतली मंडळी, गंगावेश

झालं होतं, तेही जवळपास एकाच वेळी दोनदा. जून १९७६ मध्ये टोकियोत मुहम्मद अली आणि जपानी मल्ल अँटोनिओ इनोकी यांची गाठ पडली, तर न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये वर सांगितलेला वेपनर आंद्रे द जायंटसमोर उभा होता. आंद्रेनं वेपनरला दोरांवरून उचलून रिंगणाबाहेर टाकलं. सिनेमात हल्क होगन रॉकीला तसंच फेकतो.

अली–इनोकी मात्र बघवत नाही. पंधरा फेऱ्या इनोकी बहुतेक वेळ पाठीवर पडून अलीच्या पायांवर लाथा मारत होता. अलीला मोजकेच ठोसे मारता आले. निकाल बरोबरी. लोकांनी रिंगणात कचरा फेकला. अलीचे पाय सुजून रक्ताच्या गुठळ्या झाल्या, तो तोटा त्याचाच.

जिंकणार कोण हे अंतरावर ठरतं. हातभर लांब असेपर्यंत बॉक्सरचं राज्य. पैलवानानं पट काढला, म्हणजे पाय धरून खाली खेचलं, किंवा कंबर धरली की बॉक्सरचं काही चालत नाही, कारण ग्लोव्ह घातलेल्या हातानं पकड सोडवता येत नाही. म्हणून नियम कुणी लिहिले ते आधी विचारा, जिंकणार कोण ते मागाहून.

प्रश्न : सिनेमात पंधरा फेऱ्या, आता टीव्हीवर बाराच का?
— एक वाचक, इचलकरंजी

नोव्हेंबर १९८२ मध्ये रे मॅन्सिनीशी लढताना कोरियाचा किम डुक-कू चौदाव्या फेरीत कोसळला आणि काही दिवसांनी गेला. त्यानंतर एका जागतिक संघटनेनं जेतेपदाच्या लढती बारा फेऱ्यांच्या केल्या आणि त्या दशकाच्या अखेरीपर्यंत बाकीच्या प्रमुख संघटनाही त्याच वाटेनं गेल्या. फेरी तीन मिनिटांची, मधे एक मिनिट विश्रांती. ऑलिंपिकमध्ये तीनच फेऱ्या असतात.

प्रश्न : ते संगीत लागलं की अंगावर काटा का येतो?
— एक हलगीवादक, करवीर तालुका

हे तर तुम्हीच आम्हाला सांगायला हवं! कुस्ती लागली की हलगी आधी संथ असते, खडाखडी सुरू झाली की लय चढते, आणि डाव पडायच्या आधीच कडकडाट होतो. संगीतकार बिल कॉन्टीनं तेच केलंय. आधी तुताऱ्यांसारखी ललकारी, मग धावण्याबरोबर वाढत जाणारी लय. गाण्यात शब्द जेमतेम तीसेक आहेत, अर्थाकडं लक्ष जातच नाही. ते १९७७ मध्ये अमेरिकेच्या गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. १९८२ च्या भागासाठी सर्व्हायव्हर या बँडनं केलेल्या गाण्यात सुरुवातीचे गिटारचे तोडलेले आघात पडद्यावरच्या ठोशांवर बसवलेत. आवाज बंद करून ते दृश्य बघा आणि हलगीवर जमतंय का पाहा.

प्रश्न : रॉकीसारखा पायऱ्यांचा आणि पिशवीचा सराव घरच्या घरी सुरू करायचाय. कसा करू?
— एक वाचक, रंकाळा परिसर

त्या पायऱ्या फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयाच्या, एकूण ७२. गंमत म्हणजे त्या स्टॅलोनच्या डोक्यातून आलेल्या नाहीत. गॅरेट ब्राउननं अंगावर बांधायचा, हादरे न बसणारा कॅमेरा तयार केला होता आणि नमुना म्हणून आपल्या मैत्रिणीला या पायऱ्यांवर पळताना टिपलं होतं. ते बघून ॲव्हिल्डसननं विचारलं, या पायऱ्या कुठं आहेत?

पंचगंगा घाटाच्या पायऱ्या यासाठी नकोत, ओला दगड आणि शेवाळ, घोटा गेलाच म्हणून समजा. कोरड्या, एकसारख्या उंचीच्या पायऱ्या शोधा. आधी दहा मिनिटं चालणं. मग ७० च्या आसपास पायऱ्या एका दमात चढायच्या आणि उतरताना चालायचंच. पळत उतरलं की मांड्यांवर आणि गुडघ्यावर उलटा ताण येतो, तिसऱ्या दिवशी संडासात बसता येत नाही. पहिल्या आठवड्यात चार खेपा, एक दिवस आड. दर आठवड्याला एक वाढवा, दहावर थांबा. गुडघ्याची वाटी आतून दुखली तर त्याच दिवशी बंद.

पिशवीऐवजी सिनेमातल्यासारखं गोठवलेलं मांस बडवायचं डोक्यातून काढा. त्या दृश्यांनी आपली बोटांची हाडं चपटी झाली, असं स्टॅलोननं स्वतःच सांगितलंय. पोत्यात वाळू भरायची जुनी सवय आहे, तीही नको. आठवड्याभरात वाळू तळाला बसते आणि खालचा भाग दगड होतो, मनगट तिथंच मोडतं. जाड कॅनव्हासच्या चार फुटी पिशवीत जुन्या कपड्यांच्या चिंध्या भरा, बटणं आणि चेन कापून. वीतभर थर घातला की लाकडानं ठेचायचा आणि मग पुढचा. भरल्यावर वजन पंचवीस-तीस किलो झालं पाहिजे. महिन्याभरानं चिंध्या खाली दबतात, तेव्हा वरून पुन्हा भर घाला. पिशवी पत्र्याच्या शेडच्या अँगलला टांगू नका, हादऱ्यानं नटबोल्ट ढिले होतात. तुळई किंवा स्लॅबमधला हुक हवा. मुठीला साडेचार मीटरची पट्टी : आधी अंगठ्यात फास, मनगटाला तीन वेढे, बोटांच्या गाठींवर तीन, मग बोटांच्या मधून आणि शेवट पुन्हा मनगटावर. बोटं काळी-निळी पडली तर घट्ट झाली, सोडून पुन्हा बांधा. त्यावर बारा औंसाचे ग्लोव्ह. सुरुवातीला दोन मिनिटांच्या तीनच फेऱ्या, निम्म्या जोरानं, आणि पहिले पंधरा दिवस फक्त सरळ ठोसे, हुक नाही.